सभागृहातली महागाई

२००३ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तालुक्याच्या एका गावी बँकेच्या शाखेत मी अधिकारी होतो आणि मुदत ठेवींचे टेबल माझ्याकडे होते. एके दिवशी सत्तरीच्या घरातल्या एक काकू ठेवीची मुदत संपली म्हणून पावती घेऊन आल्या. यजमान एका खासगी कारखान्यात टाइमकीपर होते. त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातले दोन लाख रुपये काकूंनी १९९६ साली बारा टक्क्यांनी ठेवले होते. महिन्याला दोन हजारांच्या आसपास व्याज येई आणि त्यावर घर चाले. आता दर साडेपाच टक्के झाला होता. मी कॅल्क्युलेटरवर आकडा काढून दाखवला : महिना ९१६ रुपये. काकूंना वाटले, माझ्याकडून बटण चुकीचे दाबले गेले.

मी त्यांना बँकेच्या भाषेत समजावू लागलो. देशातली महागाई आता पूर्वीपेक्षा कमी झाली आहे, महागाई उतरली की व्याजही उतरते, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, महागाई उतरली म्हणता, मग तूरडाळ कधी उतरायची?"

प्रश्नात अडाणीपणा नव्हता, उलट तो अगदी नेमका होता. महागाईचा दर कमी होणे आणि भाव कमी होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शंभराची डाळ यंदा एकशेदहा झाली आणि पुढच्या वर्षी एकशेपंधरा-सोळा झाली, तर कागदावर महागाई निम्म्यावर आली. स्वयंपाकघरात मात्र ती शंभरावरून एकशेपंधरावर गेली. काकूंचे दुर्दैव असे की त्यांचे व्याज कागदावरच्या महागाईबरोबर खाली आले आणि खर्च स्वयंपाकघरातल्या महागाईबरोबर वर गेला.

संसदेत महागाईवर चर्चा झाल्याचे वाचले की मला हटकून त्या काकू आठवतात. गेल्या अनेक वर्षांतल्या अशा चर्चा मी आवडीने वाचत आलो आहे (निवृत्त माणसाला असे छंद परवडतात). त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. विरोधी बाकावरचा सदस्य नेहमी भाव सांगतो : सिलिंडर एवढ्याला, डाळ एवढ्याला, तेल एवढ्याला. मंत्री नेहमी दर सांगतात : इतके टक्के, आणि तुमच्या राज्यात होते त्याहून इतके कमी. निवडणूक होते, बाके बदलतात आणि बाकांबरोबर भाषाही बदलते. काल भाव सांगणारे आज दर सांगू लागतात. दोघेही खोटे बोलत नसतात. म्हणून तर ही चर्चा कधी संपत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो साठ वर्षांहून जुना आहे. मे १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले. त्याच ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरूंच्या मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव मांडला. लोकसभेच्या इतिहासातला तो पहिलाच. ठराव ३४७ विरुद्ध ६२ मतांनी पडला. तो पडणार हे सगळ्यांना ठाऊकच होते. पण त्या चर्चेत लोहियांनी हिंदीतून एक आकडा सभागृहासमोर टाकला : या देशातली सत्तावीस कोटी माणसे, म्हणजे शंभरातली साठ, रोज तीन आण्यांवर जगतात. शेजारी त्यांनी दुसरा आकडा ठेवला : पंतप्रधानांवर रोज होणारा पंचवीस हजार रुपयांचा खर्च. सरकारपक्षाने तीन आणे साफ नाकारले. सरकारच्या हिशेबाने माणशी उत्पन्न रोज पंधरा आणे होते.

नवे पैसे येऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती, तरी माणसे आण्यांतच बोलत. तीन आणे म्हणजे एकोणीस पैसे, पंधरा आणे म्हणजे चौऱ्याण्णव. एवढा फरक कसा पडला? पंधरा आणे ही सरासरी होती. देशाचे सगळे उत्पन्न एकत्र करून ते सगळ्या डोक्यांवर वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा आणे येत. त्यात गिरणीमालकही आला आणि त्याच्या दारातला हमालही. लोहियांचे म्हणणे एवढेच होते की वरच्यांचा वाटा आधी बाजूला काढा, मग खाली काय उरते ते सांगा. नियोजन खाते सांभाळणाऱ्या गुलझारीलाल नंदांना पुढे खालच्या साठ टक्क्यांचा वेगळा हिशेब द्यावाच लागला. तो साडेसात आण्यांचा निघाला. ६ सप्टेंबरला या एका प्रश्नावर सभागृहात पुन्हा चर्चा झाली.

लोहियांचे तीन आणे हिशेबाला कितपत टिकतात यावर अर्थशास्त्रज्ञ वाद घालत आले आहेत आणि माझ्या मते तीन हा आकडा ओढूनताणून खाली आणलेला होता. पण सरकार पंधरावरून साडेसातावर आले ही गोष्ट उरतेच. डाळ काय भावाने मिळते यापुढे जाऊन, डाळ घेणाऱ्याच्या हातात किती आहे, हे त्या दिवशी लोकसभेने विचारले. पुढे १९७१ साली पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास सिद्ध केला, तोही याच प्रश्नाचा शांत डोक्याने केलेला पाठपुरावा होता. १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात माणशी महिना पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस, एवढे नसेल तर पोटभर अन्नही मिळत नाही असे त्यांनी धरले. खेड्यांतली सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतली सुमारे पन्नास टक्के माणसे त्या रेषेखाली निघाली.

आपल्याकडच्या लाटणे मोर्च्याची आठवण इथे येणे साहजिक आहे. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि हजारो गृहिणी थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. समितीच्या मृणाल गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर १९७७ साली मुंबईतून लोकसभेवर निवडूनही गेल्या. रॉकेल, तेल, साखर यांचा भाव नुसता सांगून त्या थांबत नसत. शिधावाटपाच्या दुकानात माल आहे की नाही, हे विचारायला त्या जात. ती वेगळ्या लेखाची कथा आहे.

आता २००९ सालाकडे येऊ, कारण आकड्यांची खरी गंमत त्या वर्षी झाली. त्या काळी वर्तमानपत्रांच्या मथळ्यात येणारी महागाई म्हणजे घाऊक किमतींच्या निर्देशांकाची वाढ असे. हा निर्देशांक दर आठवड्याला जाहीर होई. त्यात डाळ-भाजीबरोबर लोखंड, रसायने, कागद, यंत्रे हे सगळे येई. डॉक्टरची फी, शाळेची फी, एस.टी.चे तिकीट, घरभाडे मात्र येत नसे. जून २००९ मध्ये या निर्देशांकाची वाढ चक्क शून्याच्या खाली गेली. तीस वर्षांत असे झाले नव्हते. सरकारी भाषेत देशात महागाई उरली नव्हती, उलट स्वस्ताई आली होती! त्याच महिन्यात औद्योगिक कामगारांच्या ग्राहक निर्देशांकानुसार महागाई नऊ टक्क्यांवर होती आणि जानेवारी २०१० मध्ये ती सोळा टक्क्यांच्या वर गेली.

हे मला इतके नीट आठवते, कारण आमचा महागाई भत्ता त्या दुसऱ्या निर्देशांकावर ठरत असे. लेबर ब्युरोची माणसे मुंबई, पुणे, सोलापूर, नागपूर अशा केंद्रांतल्या ठरलेल्या दुकानांत जाऊन भाव टिपून आणत, त्यातून हा निर्देशांक तयार होई आणि दर तिमाहीला आमच्या पगाराच्या चिठ्ठीत उतरे. म्हणजे पेपरात महागाई शून्याखाली होती आणि माझ्या पगारात ती नऊ टक्क्यांनी भरून मिळत होती. स्टाफ रूममध्ये यावर विनोद होत. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला किंवा व्याजावर जगणाऱ्या काकूंना कुठलाच निर्देशांक काही भरून देत नव्हता. आम्ही तेव्हा हसत होतो, हे आज सांगताना बरे वाटत नाही.

जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेल, रॉकेल आणि गॅसही महागला. ५ जुलैला भारत बंद झाला. महिनाअखेरीस पावसाळी अधिवेशन सुरू झाले आणि पहिला आठवडा वाया गेला. वाद महागाई आहे की नाही यावर नव्हताच. तो होता चर्चा कोणत्या नियमाखाली घ्यायची यावर. स्थगन प्रस्ताव घेतला तर त्यात सरकारवर ठपका येतो आणि मतदान होते. साधी चर्चा घेतली तर बोलणे होते आणि उठणे होते. शेवटी ३ ऑगस्टला मधला मार्ग निघाला. सुषमा स्वराज बोलल्या, प्रणव मुखर्जींनी उत्तर दिले आणि महागाईला आवर घालण्यासाठी सरकारने आणखी परिणामकारक पावले उचलावीत, अशा अर्थाच्या ठरावाला मतदानाशिवाय सगळ्या सभागृहाने संमती दिली. सरकारपक्षाचीही संमती होती. सरकारने काहीतरी करावे, असे सरकारलाही वाटत होते.

बारा वर्षांनी बाके उलटी झाली होती. १८ जुलै २०२२ पासून वेष्टनातल्या, लेबल लावलेल्या दही, पीठ, तांदूळ, डाळींवर पाच टक्के जीएसटी लागू झाला. अधिवेशनही त्याच दिवशी सुरू झाले. पुन्हा नियमांचा वाद झाला, पुन्हा दिवस वाया गेले. २५ जुलैला फलक घेऊन सभागृहात आलेले काँग्रेसचे चार खासदार निलंबित झाले. १ ऑगस्टला निलंबन मागे घेतले गेले आणि चर्चेला तोंड फुटले. मनीष तिवारींनी सुरुवात केली. तृणमूलच्या काकोली घोष दस्तिदार यांनी सभागृहातच कच्चे वांगे दातांनी तोडून दाखवले : सिलिंडर एवढा महाग, मग भाज्या कच्च्याच खायच्या का? मुंबईत तो तेव्हा एक हजार पन्नास रुपयांच्या वर गेला होता. दुसऱ्या दिवशी ते वांगे सगळ्या वर्तमानपत्रांत होते. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी उत्तरात महागाईचा दर सांगितला (जूनचा आकडा ७.०१ टक्के होता) आणि आधीच्या राजवटीतल्या दोन अंकी महागाईची आठवण दिली. काँग्रेसने सभात्याग केला. भाव आणि दर, पुन्हा तेच.

वांग्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. तो सात टक्क्यांचा आकडा ज्या टोपलीवरून काढला होता, ती टोपली २०११-१२ मधल्या घरखर्चाच्या पाहणीवरून भरलेली होती. त्या वर्षी कुटुंबे कशावर किती खर्च करत होती, त्यानुसार प्रत्येक वस्तूला वजन दिलेले. अन्न आणि पेये यांना जवळजवळ ४६ टक्के, त्यात भाज्यांना सहा. मधल्या काळात २०१७-१८ मध्ये नवी पाहणी झाली होती, पण तिचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्ध केले नाहीत. कारण दिले गेले आकडेवारीच्या दर्जाचे. म्हणजे २०२२ मध्ये दोन्ही बाजू दहा वर्षांपूर्वीच्या घरखर्चावर भांडत होत्या. पुढची पाहणी २०२२-२३ ची, तिचे आकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. तेव्हा कळले की खेड्यात शंभरातले सेहेचाळीस रुपये आणि शहरात एकोणचाळीस रुपये खाण्यावर जातात. तेही पुन्हा सरासरीच, लोहिया म्हणाले असते.

आणखी एक बाजू महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. कांदा महागला की दिल्ली हलते, कांदा कोसळला की लासलगाव हलते. डिसेंबर २०१९ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत छोट्या कांदा उत्पादकाचा प्रश्न काढला. उत्तर देताना मध्येच कुणीतरी, तुम्ही कांदा खाता का, असे विचारले आणि आमच्या घरात कांदा-लसणाचे फारसे चालत नाही, अशा अर्थाचे अर्थमंत्री बोलून गेल्या. प्रश्न उत्पादकाचा होता, बातमी झाली मंत्र्यांच्या घरच्या आहाराची. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली, ती उठली ४ मे २०२४ ला, मतदानाच्या तोंडावर. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. त्यामागे कांदा हे एकच कारण नसेल, पण कांदा नव्हता असे तिथे कुणी म्हणणार नाही. सभागृहात ग्राहकाची महागाई एका दिवशी चर्चेला येते आणि शेतकऱ्याचे कोसळलेले भाव दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शीर्षकाखाली. दोघांच्या हातात शेवटी काय राहिले, हे एकाच दिवशी विचारलेले माझ्या तरी वाचनात नाही.

काकूंचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्या पावती पुढे सरकवून सही करायला निघाल्या होत्या. मॅनेजर केबिनमध्ये आहेत हे पाहून मी आवाज खाली केला आणि म्हणालो, "काकू, पोस्टात मासिक प्राप्ती योजनेत आठ टक्के मिळतात. पैसे तिकडे न्या." बँकेचा अधिकारी ठेव पोस्टात न्यायला सांगतो, याचे त्यांना जरा नवल वाटले. हिशेब विचारला. महिना १३३३ रुपये. त्यांनी पिशवीतली वही काढून आकडा लिहून घेतला.

"हा तरी खाली येणार नाही ना?"

मार्चपर्यंत तिथे नऊ टक्के होते, हे मी त्यांना सांगितले नाही. सहा वर्षे मुदत आहे, एकदा ठेवले की तोवर हाच दर, एवढे सांगितले.