बेण्याबरोबर येणारे अनोळखी कीटक

परगावाहून उसाचे बेणे आणले म्हणजे त्यासोबत काही न बोलावलेले पाहुणेही शेतात येतात. म्हणून लावणीपूर्वी पाचट सोलून प्रत्येक कांडे नीट न्याहाळावे. पेऱ्याजवळ पांढऱ्या भुकटीने माखलेले गुलाबी, मऊ कीटक दिसल्यास तो पिठ्या ढेकूण होय. कांड्यावर करड्या-काळ्या खपल्यांचा थर असल्यास ती खवले कीड समजावी. असे बेणे लावू नये.

मात्र दिसेल तो कीटक शत्रूच, असे मानणे हिताचे नाही. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा आढळला व तो सातारा आदी शेजारच्या जिल्ह्यांत पसरला. हा मावा पानाच्या खालच्या बाजूस राहून रस शोषतो; त्याच्या गोड स्रावावर काळी बुरशी वाढते. याच पांढऱ्या थरात जाळी विणून राहणारी डिफा नावाची अळी आढळते. तसेच पुढे आलेल्या दोन टोकदार जबड्यांची, निमुळत्या अंगाची मायक्रोमसची अळीही दिसते. या दोन्ही अळ्या माव्यावरच जगतात. अनोळखी म्हणून घाईने औषध फवारल्यास शत्रूबरोबर हे रक्षकही मरतात, आणि उरलेला मावा पुन्हा निर्धास्तपणे वाढतो.

यास्तव मावाग्रस्त उसाचे वाढे वैरणीसाठी दुसऱ्या गावी नेऊ नये. अनोळखी कीटक आढळल्यास तो पानासह डबीत घालून कृषी सहाय्यकास दाखवावा. आधी ओळख, मग उपाय, हाच क्रम शेतकऱ्याच्या फायद्याचा आहे.