जुना व्हिडिओ गेम, नवा टीव्ही : न जुळणाऱ्या चित्राचा ताळा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या खोक्यातून जुना व्हिडिओ गेम हमखास बाहेर येतो. वडिलांच्या लहानपणीचा खेळ पाहण्याची मुलांना उत्सुकता असते. तारा जोडल्या जातात, बटण दाबले जाते आणि नव्या टीव्हीवर काळा पडदा, मुंग्या किंवा रंगहीन चित्र उमटते. यंत्र निकामी झाले असे समजून ते भंगारात जाते. वास्तविक पुष्कळदा यंत्र शाबूत असते. दोन पिढ्यांच्या उपकरणांची भाषा तेवढी जुळत नसते. हिशेबात फरक आला म्हणून मुरलेला दिवाणजी वही फेकून देत नाही. तो एकेक नोंद ताडून पाहतो. येथेही तीच रीत उपयोगी पडते.

पहिली नोंद विजेची. येथील चूक भरून निघत नाही, म्हणून ती सर्वांत आधी तपासावी. निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉमला १० व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन असतो. अमेरिकेतून आणलेल्या संचाचा मूळ अडॅप्टर १२० व्होल्टसाठी असतो. तो आपल्याकडील २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावल्यास जळतो. म्हणून यंत्राच्या पाठीवरील मजकूर वाचल्याशिवाय वीज जोडू नये.

दुसरी नोंद तारेची. पिवळी तार चित्राची, पांढरी व लाल आवाजाची. अनेक नव्या टीव्हींवर पिवळी आणि हिरवी तार एकाच भोकात लावावी लागते. अशा वेळी रिमोटवर ‘कंपोनंट’ निवडलेले राहिले, तर चित्र कृष्णधवल दिसते. ‘एव्ही’ निवडताच रंग परततात. टीव्हीला अशी सोयच नसेल, तर एव्हीचे एचडीएमआय करणारी डबी घ्यावी. नेमके उलटे काम करणारी डबीही दिसायला तशीच असते. त्यामुळे दुकानातच कोणत्या बाजूला ‘इन’ आणि कोणत्या बाजूला ‘आउट’ लिहिले आहे ते पाहावे.

तिसरी नोंद पद्धतीची. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने : ६२५ रेषा, सेकंदाला ५० स्पंदने. जपान व अमेरिकेची एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची आणि ६० स्पंदनांची. त्यामुळे परदेशी यंत्राचे चित्र आपल्याकडील जुन्या टीव्हीवर रंग गमावते किंवा वर-खाली सरकत राहते. नव्या टीव्हीत रंगपद्धती ‘ऑटो’ ठेवल्यास बहुधा काम भागते. अँटेनाच्या तारेने जोडल्यास आणखी एक लक्षण दिसते : चित्र स्वच्छ, पण आवाज नाही. पाल पद्धतीच्या आपल्या प्रक्षेपणात आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झ अंतरावर असते, तर एनटीएससीत ती ४.५ मेगाहर्ट्झवर. स्पीकर बदलून हा दोष जात नाही. एव्ही तारेने जोडल्यास जातो.

चौथी नोंद कॅसेटची. चित्रात चौकडे किंवा विस्कळीत अक्षरे दिसली, तर टीव्ही निर्दोष आहे असे समजावे. कॅसेटच्या तळाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर मळ बसलेला असतो. त्यावर फुंकर मारण्याची जुनी सवय मात्र घातक आहे. श्वासातील ओलाव्याने धातू गंजतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात.

इतके करूनही काही उणिवा उरतात. ही यंत्रे प्रत्येक वेळी सुमारे २४० रेषांचे पूर्ण चित्र पाठवतात. नवा टीव्ही ते अर्धे चित्र समजून पुढच्या चित्रात मिसळतो. त्यामुळे कडा पुसट होतात आणि लुकलुकणारी पात्रे कधी दिसतच नाहीत. बटण दाबणे आणि पात्राने उडी मारणे यांत अंतर पडत असेल, तर ‘गेम मोड’ लावावा. ‘डक हंट’मधील बंदूक मात्र नव्या पडद्यावर चालत नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील प्रकाशग्राही घटक तो टिपतो. हा सगळा मेळ काचेच्या नळीच्या टीव्हीच्या वेगाशी बांधलेला असतो. बंदूक नादुरुस्त नसते.

म्हणूनच घरात नळीचा जुना टीव्ही चालू स्थितीत असेल, तर तो या खेळाचा खरा जोडीदार होय. तथापि त्याचे मागचे झाकण घरी कोणीही उघडू नये. त्यातील उच्च दाबाचा विद्युतभार टीव्ही बंद केल्यावरही टिकून राहू शकतो आणि तो जिवावर बेततो. ते काम अनुभवी कारागिराचेच.

वीज, तार, पद्धत, कॅसेट हा क्रम पाळल्यास खर्च होतो तो कापसाच्या काडीचा, फार तर एका तारेचा किंवा डबीचा. या चारही नोंदी जुळल्या आणि तरीही पडदा काळाच राहिला, तरच यंत्र बिघडले असे म्हणावे. तोपर्यंत भंगारवाल्याला थांबायला सांगावे.