एंजिन-तेल बदल
मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन-एंजिनातील वापरलेले वंगण तेल ठराविक काळाने काढून टाकून नवे तेल भरण्याची क्रिया. घासणाऱ्या भागांमध्ये पातळ पटल निर्माण करून झीज कमी करणे हे एंजिन-तेलाचे मुख्य कार्य होय. याखेरीज दट्ट्या व धारवे यांतील उष्णता वाहून नेणे, काजळीचे कण तरंगत ठेवणे आणि ज्वलनातून निर्माण होणाऱ्या अम्लांचे उदासिनीकरण करणे ही कार्येही ते करते. ही शेवटची दोन कार्ये करताना तेल स्वतः खर्ची पडते.

खनिज वा संश्लेषित मूळ तेलापेक्षा त्यात मिसळलेली पूरक द्रव्ये बहुधा आधी संपतात. कॅल्शियम वा मॅग्नेशियमची अल्कधर्मी संयुगे अम्लांशी विक्रिया होऊन कमी होत जातात, तर जस्त व फॉस्फरसयुक्त झीजरोधक संयुगांचे उष्णतेने विघटन होते. शिवाय तेलाचे ऑक्सिडीभवन होऊन ते दाट होते, तापमान सु. १०° से. ने वाढल्यास या विक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

ज्वलन-वायूंचा थोडा भाग दट्ट्याच्या कड्यांवरून निसटून खाली तेलापर्यंत पोहोचतो. १ लि. पेट्रोल जळताना सु. १ लि. पाणी वाफेच्या रूपात तयार होते. एंजिन पुरेसे तापलेले असेल, तर निसटलेली वाफ वायुवीजन मार्गाने निघून जाते. रोज दोन-तीन किमी.च धावणाऱ्या गाडीत मात्र ती तेलातच साठते व न जळलेले पेट्रोलही त्यात मिसळते. म्हणून ‘गाडी फारशी चालत नाही, तेव्हा तेल चांगलेच असणार’ हा समज चुकीचा ठरतो. शहरातील कोंडीत एंजिन तासन्‌तास चालू राहते, पण अंतरमापकावर त्याची नोंद होत नाही.

बदल लांबवल्यास चिकट गाळ साचून पंपाच्या तोंडाची जाळी तुंबते. तेलाचा दाब घटला की भुजादंडाचे धारवे थोड्याच वेळात जळतात व एंजिन जखडते. दाबाचा लाल दिवा लागताच एंजिन बंद करणे आवश्यक असते. तो लागेपर्यंत हानी झालेलीही असू शकते. काही लिटर तेलाची काटकसर अशा वेळी संपूर्ण एंजिनाच्या पुनर्बांधणीस कारण होते.

तेल काळे पडणे हे मात्र बिघाडाचे लक्षण नव्हे. विशेषतः डीझेल एंजिनात ते लवकरच काळे होते, कारण ते काजळी धरून ठेवते. पातळी पाहण्याच्या पट्टीवरून तेल किती आहे एवढेच कळते. कमी झालेले तेल भरून काढल्याने जुने तेल ताजे होत नाही.

बहुतेक आधुनिक मोटारगाड्यांसाठी उत्पादक सु. १०,००० किमी. किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मर्यादा देतात. धूळ, जड ओझे व लहान फेऱ्या यांसाठी ती कमी असते. तेलाचा दर्जाही तितकाच महत्त्वाचा असतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या, कण-गाळणी असलेल्या डीझेल गाड्यांना कमी राख देणारे तेलच लागते. अन्यथा राखेने गाळणी कायमची तुंबत जाते.

तेल कोमट असताना काढल्यास गाळही त्याबरोबर निघतो. तेलासोबत गाळणीही बदलतात. वापरलेल्या तेलात बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने व धातूंचे कण असल्याने त्याचा त्वचेशी वारंवार संपर्क अपायकारक असतो. ते गटारात ओतू नये. २०१६ च्या घातक अपशिष्टविषयक नियमांनुसार ते अधिकृत पुनःशुद्धीकरण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे.