माऊस बदलण्यापूर्वी

छत्रीची एक काडी मोडली म्हणून आपण छत्री टाकून देत नाही. परंतु घरातल्या जुन्या संगणकाच्या पडद्यावरील बाण हलेनासा झाला, की सारे यंत्रच निकामी झाले असे आपण समजतो. आणि कुटुंबाची छायाचित्रे, पत्रे व हिशेब ज्यात साठविलेले असतात, तो संगणक अडगळीत जातो. दोष मात्र पुष्कळदा एकट्या माऊसचा असतो.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली अमेरिकेत तयार झालेला पहिला माऊस लाकडी होता आणि त्याच्या तळाशी दोन चाके होती. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. ती फिरली म्हणजे आतील दोन रूळ फिरतात. एक आडवी गती मोजतो, दुसरा उभी. या रुळांवर धूळ साचली की बाण अडखळतो. अशा वेळी तळाची चकती फिरवून गोळी काढावी व रूळ पुसावेत. प्रकाशावर चालणारा माऊस काचेवर गोंधळतो; त्याखाली साधा कागद ठेवून पाहावा. मात्र तार आतून तुटली असेल, किंवा बटण एकदा दाबले असता दोनदा दाबल्यासारखे होत असेल, तर माऊस बदलणेच इष्ट.

त्याआधी संगणकाची मागील बाजू पाहावी. चपटे, आयताकृती तोंड यू. एस. बी. पद्धतीचे, त्यातील माऊस यंत्र चालू असतानाही बदलता येतो. सहा पिनांचे गोल तोंड १९८७ साली आलेल्या पी. एस. टू पद्धतीचे. पुष्कळ संगणकांवर माऊसचे गोल तोंड हिरवे, तर कळफलकाचे जांभळे असते. गोल जोडणी चालू यंत्रातून कधीही उपटू नये. त्यामुळे क्वचित आतील मुख्य पट्टीलाच इजा पोहोचते, आणि मग अल्प किमतीच्या वस्तूपायी खरोखरच सारा संगणक गमावण्याची पाळी येते.

बाण हलत नसता यंत्र बंद कसे करावे? विंडोज प्रणालीत उघडलेली कामे आधी जतन करून ती एकेक मिटवावीत. मग ‘ऑल्ट’ कळ दाबून धरून ‘एफ ४’ दाबावी व पुढे ‘एंटर’ दाबावी. यंत्र थांबल्यावर जुनी जोडणी काढून नवी, खुणेशी खूण जुळवून, हलक्या हाताने बसवावी. जोर केल्यास पिन वाकते.

नवा माऊस शक्यतो त्याच तोंडाचा घ्यावा. यू. एस. बी. माऊसला लावायचे गोल तोंडाचे साधे जोडतुकडे मिळतात. परंतु दोन्ही पद्धती जाणणाऱ्या माऊसलाच ते उपयोगी पडतात.