कॅराव्हॅन ट्रेलरचे टायर बदलताना: भार, दाब आणि वय

प्रस्तावना

मोटारीच्या मागे जोडून ओढत नेल्या जाणाऱ्या, राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरला कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. स्वतःचे इंजिन असलेल्या वाहनांबरोबर अशा ट्रेलरांचाही त्यात विचार आहे. समजा, बंगळुरूमधील एका कुटुंबाची दोन चाकांची कॅराव्हॅन बराच काळ अंगणात उभी आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ ने हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत ती कोकणात न्यायची आहे. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते. तरीही ते बदलावेत का? बदलायचे तर कोणते घ्यावेत?

१. ट्रेलरच्या टायरचे काम

ट्रेलरच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळत नाही आणि ती स्टिअरिंगने वळतही नाहीत. वजन पेलणे आणि ट्रेलरला डावी-उजवीकडे झुलू न देणे हे त्यांच्या टायरचे मुख्य काम. त्यासाठी टायरची कडेची भिंत ताठ हवी. मोटारीचा टायर मऊ पडला तर चालकाला स्टिअरिंगवर जाणवते. ट्रेलरचा मऊ पडला तर बहुधा जाणवतच नाही. तो फुटतो तेव्हा ट्रेलर झुलू लागतो आणि मोटारीलाही खेचतो. म्हणून निवडीतील चूक इथे महाग पडते.

२. भाराचा हिशेब

टायरच्या कडेवर ‘१८५ आर १४ सी १०२/१००’ असे लिहिलेले असते. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ‘आर’ म्हणजे रेडियल, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत आणि ‘सी’ म्हणजे मालवाहू वाहनांसाठीचा प्रकार. शेवटचे आकडे भार निर्देशांकाचे: पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकांसाठी. काही निर्देशांक असे:

९१ – ६१५ किग्रॅ
९५ – ६९० किग्रॅ
९७ – ७३० किग्रॅ
१०२ – ८५० किग्रॅ

उदाहरण: सामान भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन १,४०० किग्रॅ आहे. त्यातील १०० किग्रॅ मोटारीच्या हिचवर येते. उरलेले १,३०० किग्रॅ दोन टायरांवर, म्हणजे प्रत्येकी ६५० किग्रॅ. पण पाण्याची टाकी, बॅटरी आणि ओटा एकाच बाजूला असतील तर ती बाजू जड होते. १० टक्के जादा धरल्यास जड बाजूला ७१५ किग्रॅ येतात. येथे ९१ आणि ९५ हे निर्देशांक अपुरे ठरतात, ९७ जेमतेम पुरतो, आणि १०२ मध्ये खड्डे व जादा सामान यांसाठी राखीव क्षमता उरते. वजन अंदाजाने धरू नये. भरलेली कॅराव्हॅन वजनकाट्यावर न्यावी.

३. दाब

टायरवर लिहिलेली क्षमता ठरावीक दाबालाच मिळते, कारण भार मुख्यतः आतली हवा पेलते. हवा कमी असेल तर टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, तापतो आणि आतले थर सुटू लागतात. रिम आणि व्हॉल्व्ह तेवढ्या दाबाला चालणारे आहेत, याचीही खात्री करावी.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब सुमारे १३.२ पीएसआय, तर किनाऱ्यावर १४.७ पीएसआय असतो. बंगळुरूत २० अंश सेल्सिअसला ६५ पीएसआय भरले, तर आतला निरपेक्ष दाब ७८.२ पीएसआय होतो. कोकणात तापमान ३५ अंश असेल तर तो ७८.२ × ३०८ ÷ २९३ = ८२.२ पीएसआय होईल. त्यातून बाहेरचा दाब वजा केला की गेजवर ६७.५ पीएसआय दिसेल. तापमान दाब वाढवते, उंची उतरल्याने गेजवरचा आकडा थोडा घटतो. चालून तापलेल्या टायरची हवा मात्र सोडू नये. दाब सकाळी, टायर थंड असताना तपासावा.

४. वय

कॅराव्हॅन वर्षातील बराच काळ उभी असते. त्यामुळे नक्षी झिजण्याआधी रबर म्हातारे होते. उन्हाने आणि हवेतील ओझोनने कडेवर बारीक भेगा पडतात. कडेवरील चार अंकी शिक्का निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतो: ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनी टायर बदलावेत आणि सात वर्षांपुढे वापरू नयेत, असा ब्रिटनमधील कॅराव्हॅनधारकांना सल्ला दिला जातो. दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणाऱ्या टायरचाही हा शिक्का वाचूनच पैसे द्यावेत.

५. खरेदी करताना

– आयएसआय चिन्ह पाहावे.
– एका आसावर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे टायर बसवावेत. रेडियल आणि साधा एकत्र नको.
– स्टेपनीचेही वय आणि दाब तपासावा.

सारांश

प्रस्तावनेतील कुटुंबाने नक्षीवर विसंबू नये. आधी शिक्का वाचावा, मग वजन करून भार निर्देशांक ठरवावा आणि शेवटी योग्य दाब भरावा.

स्वाध्याय

१. एकूण वजन १,६०० किग्रॅ, हिचवर १२० किग्रॅ आणि जड बाजूला १० टक्के जादा भार असल्यास वरीलपैकी कोणता निर्देशांक पुरेल?
२. तापलेल्या टायरची हवा सोडल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल? कारणासह लिहा.