कार्टूनमध्ये कोण दिसत नाही? इंग्रज, निजाम आणि आमची आजी

व्यंगचित्रांवरच्या आपल्या एपिसोडचं हे लिखित रूप. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची एकच तक्रार होती: "चित्रांवर बोलतोयस, पण चित्र दिसतच नाही." तक्रार रास्त आहे. म्हणून इथं जरा सावकाश घेतो, आणि एपिसोडमध्ये घाईत सुटलेलं थोडं इथं घालतो.

सुरुवात लंडनपासून. १८४१ साली तिथं 'पंच' नावाचं साप्ताहिक सुरू झालं. आजचं मीम पेजच समजा, फक्त आठवड्यातून एकदा येणारं आणि पैसे मोजून घ्यायचं. त्यात जॉन टेनियल नावाचा चित्रकार होता. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'ची मूळ चित्रं काढणारा तोच हा. २२ ऑगस्ट १८५७ च्या अंकात त्याचं एक चित्र आलं. एक बाई आणि तिचं लेकरू जमिनीवर पडलंय, त्यांच्यावर वाघ उभा आहे आणि एक भलामोठा सिंह त्या वाघावर झेप घेतोय. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे बंगालच्या फौजेतले बंडवाले शिपाई.

आता इंजिनिअरची सवय म्हणून या चित्राला चार प्रश्न विचारू. काढलं कुणी? विकत घेतलं कुणी? मोठं कुणाला दाखवलंय? आणि चित्रात नाहीच असं कोण आहे? टेनियल लंडनमध्ये बसला होता. तेव्हा हिंदुस्थानशी थेट तारेचा संपर्क नव्हता, बातमी जहाजातून आठवड्यांनी पोचायची. म्हणजे हे चित्र हिंदुस्थानात काय घडलं त्याचा पुरावा नाहीच. लंडनच्या वाचकाला त्या आठवड्यात कशाची भीती वाटत होती आणि कुणाचा सूड हवा होता, त्याचा पुरावा आहे. शिपाई का उठले? चित्रात उत्तर नाही. वाघाला कारण लागत नाही ना! माणसाचं जनावर केलं की प्रश्नच मिटला.

दुसरं चित्रही टेनियलचंच, १५ एप्रिल १८७६ चं. पंतप्रधान डिझरायली फेरीवाल्याच्या वेशात व्हिक्टोरिया राणीपुढं उभा आहे आणि हिंदुस्थानचा मुकुट तिला देऊ करतोय: जुना द्या, नवा घ्या. अल्लादिनच्या गोष्टीत जुने दिवे घेऊन नवे देणारा जादूगार येतो ना, त्यावरचा हा विनोद. टोमणा डिझरायलीला आहे, राणीलाही आहे. आपण मात्र त्यात फक्त मुकुट आहोत. वस्तू. आणि तारीख बघा. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून राणीला सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हा दख्खनमध्ये १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ चालू होता. मुंबई इलाखा, मद्रास, म्हैसूर, निजामाचं राज्य, सगळीकडं. लाखो माणसं मेली.

मग आपल्या लोकांनी काय काढलं? मुंबईत पारशी मंडळींनी १८५४ मध्येच 'पारसी पंच' सुरू केलं होतं. पुढं त्याचंच नाव 'हिंदी पंच' झालं. (इथं 'हिंदी' म्हणजे भाषा नव्हे, हिंदुस्थानी. मजकूर इंग्रजी आणि गुजराती. मीही आधी फसलो होतो.) १८७७ मध्ये लखनौहून उर्दू 'अवध पंच' निघालं. म्हणजे साहेबाचाच फॉरमॅट उचलून साहेबाकडं बोट दाखवायला सुरुवात झाली. बोट जपून दाखवावं लागायचं, कारण १८७८ च्या कायद्यानं देशी भाषेतल्या छापखान्यांवर खास नजर ठेवली. तो कायदा थोड्या वर्षांत रद्द झाला, पण राजद्रोहाचं कलम होतंच. टिळक १८९७ आणि १९०८ मध्ये त्याच कलमाखाली तुरुंगात गेले. १९१० मध्ये परत नवा कायदा, आता सरकार छापखान्याकडून जामिनाची रक्कम मागू लागलं.

पण सगळा सामना साहेब विरुद्ध आपण असा नव्हता. ठाण्याहून 'हिंदू पंच' हे मराठी साप्ताहिक निघायचं. त्याच्यावर १९०९ मध्ये अब्रुनुकसानीचा दावा कुणी लावला? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. जहाल-मवाळ हे शाळेच्या पुस्तकात दोन ओळींचं प्रकरण असतं, पण तेव्हा ते अंगावर येत होतं.

आणि पेन कुणाच्या हातात होतं? उन्नमती श्यामसुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वर्तमानपत्रांत आलेली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रं शोधून २०१९ मध्ये पुस्तक केलं. ते चाळताना मला मधूनच थांबावं लागलं. बाबासाहेब कधी ठेंगणे, कधी लहान पोरासारखे, बाकीचे नेते शेजारी धिप्पाड. साहेबाच्या चित्रात हिंदुस्थानी माणूस जसा छोटा होता, तसा आपल्या चित्रात हा माणूस छोटा. शंकर यांचं १९४९ चं गोगलगायीचं चित्र, राज्यघटना म्हणजे गोगलगाय, वर बाबासाहेब, मागं चाबूक घेतलेले नेहरू, ते अकरावीच्या पुस्तकात होतं आणि २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. तेव्हा मी शाळेत होतो, मला वाटलं, एवढं काय त्यात? चार प्रश्नांपैकी एकही विचारायचं तेव्हा सुचलं नव्हतं.

आता आपल्याकडं, नांदेड-लातूरला येऊ. आपण थेट इंग्रजांखाली नव्हतोच. वर इंग्रज, त्यांच्याखाली निजाम, आणि निजामाखाली आपण. सरकारी आणि कोर्टाची भाषा उर्दू. लिहिता-वाचता येणारी माणसं फार थोडी. सभा घ्यायची तर आधी परवानगी, त्यासाठी ५३ नंबरची कुप्रसिद्ध गश्ती. बाहेरच्या काही वर्तमानपत्रांना संस्थानात बंदी. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तर स्थापन व्हायच्या आधीच बंदी! मुंबईत गव्हर्नरची टिंगल छापायला निदान जागा होती. कंधार, औशाकडं चित्र काढणार कुणासाठी आणि छापणार कुठं?

छापण्याची किंमत काय होती ते शोएबुल्ला खान यांच्यावरून कळतं. हैदराबादेत 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक ते चालवायचे. संस्थान भारतात सामील व्हावं असं लिहायचे, रझाकारांवर टीका करायचे. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी, तोच जो आधी लातूरला वकिली करायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना शोएबुल्लांना रस्त्यात गाठून मारलं. लिहिणारा हात तोडला. वय तिशीच्या आत, म्हणजे माझ्याएवढंच. मी कीबोर्ड बडवतो, फार तर कुणीतरी कमेंटमध्ये शिव्या देतं.

पुढच्या महिन्यात पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि १७ सप्टेंबरला संस्थान भारतात आलं. झेंडावंदनाचा तो दिवस आपल्याला पाठ आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं, ते सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलं. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते, आणि लातूर तेव्हा उस्मानाबादमध्येच होतं. तो अहवाल कित्येक दशकं दडपून राहिला. त्याचंही कार्टून आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा टेनियलचा सिंह मोबाईलवर आजीला दाखवला. आजी कंधार तालुक्यातली, १९४८ ला दहा-अकरा वर्षांची. तिनं चष्मा वर केला, स्क्रीन जवळ घेतली आणि म्हणाली, "सर्कशीचं हाय का रे?" मी म्हटलं, "नाही माय, पेपरातलं. तुमच्याकडं असलं काही यायचं का?" ती हसली. "पेपर कुठला आला बाबा. आमच्याकडं कुत्रं भुकलं की बातमी कळायची." रात्री कुत्री भुंकायला लागली की बायका-पोरं ज्वारीत जाऊन बसायची. तिच्या आईनं धाकट्या भावाच्या तोंडावर पदर धरला होता, रडू नये म्हणून. मग बैलगाडीनं उमरखेडला, सरहद्दीपलीकडं. आणि परत आल्यावर शेजारचं एक घर रिकामं होतं. मोमीन होते, कापूस पिंजायचे. "ते कुठं गेले?" विचारलं तर गप्प बसली. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, तेव्हा म्हणाली, "त्यांची फातिमा माझ्यासंगं गजगे खेळायची." बस, तेवढंच.

रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचं आहे. मागं पंख्याचा आवाज आहे, मध्ये दोनदा दूधवाला येतो, तरी मी फार काटछाट केलेली नाही. पुढच्या एपिसोडला तेच लावतोय. तुमच्या घरात १९४८ आठवणारं कुणी असेल, कुठल्याही बाजूचं, तर फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि फाईल पाठवा. आधी त्यांना विचारून घ्या. आणि पंखा बंद करा, प्लीज.