कुष्ठ आणि कुष्ठरोग : चट्ट्यावरील स्पर्शपरीक्षेचे महत्त्व

त्वचेवरील चट्टा घेऊन आलेला रुग्ण ही वैद्यव्यवसायातील नित्याची बाब आहे. वैतरणेच्या मुखाजवळील दातिवरे परिसरात मासेमारी, वाडी आणि भातशेती करणारा वर्ग आमच्याकडे येतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामास जाणारे तरुण येतात आणि पूर्वेकडील पाड्यांवरील आदिवासी बांधवही येतात. या साऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते : चट्टा खाजत नाही, दुखत नाही, परंतु जातही नाही. खाज नाही व वेदनाही नाही, म्हणून रुग्णाला घाई नसते; आणि पुष्कळदा वैद्यालाही नसते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच, की अशा 'न दुखणाऱ्या' चट्ट्याबाबतच वैद्याने सर्वाधिक सावध असावे. पालघर हा महाराष्ट्रातील कुष्ठरोगाचे रुग्ण अधिक आढळणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक आहे. येथे जो चट्टा दुखत नाही, तो कुष्ठरोगाचा नाही हे सिद्ध होईपर्यंत त्याची स्पर्शपरीक्षा झालीच पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे.

संज्ञांचा गोंधळ

आयुर्वेदातील 'कुष्ठ' ही संज्ञा अतिशय व्यापक आहे. सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे अशा अठरा प्रकारांत दद्रु, पामा, विचर्चिका, किटिभ इत्यादी नाना त्वग्विकारांचा समावेश होतो. आधुनिक शास्त्रातील लेप्रसी, ज्याला शासकीय मराठीत 'कुष्ठरोग' म्हणतात, हा त्यांतील एक मर्यादित भाग होय. म्हणजे प्रत्येक कुष्ठ हा कुष्ठरोग नव्हे. लोकभाषेने गोंधळ आणखी वाढविला आहे. 'रक्तपिती' हा शब्द मराठी माणूस महारोगासाठी वापरतो. शास्त्रातील 'रक्तपित्त' हा मात्र रक्तस्रावाचा सर्वस्वी वेगळा व्याधी. पांढऱ्या डागाला 'कोड' म्हणतात आणि फिकट चट्ट्यालाही कोणी कोडच म्हणतो. रुग्णाने सांगितलेल्या नावावर विसंबून निदान केल्यास घात होतो तो असा.

तथापि प्राचीन आचार्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, हे पाहण्यासारखे आहे. चरकाचार्यांनी कुष्ठाच्या पूर्वरूपांत स्पर्शज्ञान नाहीसे होणे आणि स्वेद अतिप्रमाणात येणे अथवा मुळीच न येणे ही लक्षणे सांगितली आहेत. सुश्रुताचार्यांनी व्याधी उत्तरोत्तर धातूंत शिरला असता हात निकामी होणे, गती क्षीण होणे, पुढे नाक बसणे, डोळे लाल होणे व स्वर बिघडणे असा क्रम वर्णिला आहे. तसेच निकट संपर्काने एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या व्याधींतही कुष्ठाची गणना केली आहे. हे वर्णन आजच्या कुष्ठरोगाशी लक्षणीय रीतीने जुळते.

व्याधी कसा घडतो

नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम लेप्री, प्रथम पाहिला. हा जंतू अत्यंत संथ आहे. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे संसर्ग व लक्षणे यांत सरासरी पाच वर्षांचे, क्वचित वीस वर्षांचेही अंतर पडते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ व निकट सहवासात, मुख्यत्वे नाकावाटे बाहेर पडणाऱ्या तुषारांतून तो पसरतो. परंतु बहुसंख्य लोकांत, सुमारे ९५ टक्क्यांत, त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते व त्यांना रोग होतच नाही.

यापुढील भाग वैद्यांना विशेष उद्बोधक वाटेल. जंतू एकच असूनही रोगाचे रूप ठरते ते रुग्णाच्या शरीरावरून. पेशींमार्फत होणारा प्रतिकार बलवान असेल, तर एक-दोन ठळक कडांचे चट्टे उमटतात व जंतू फारच थोडे असतात. तो प्रतिकार दुर्बल असेल, तर जंतू अगणित होतात. ठळक चट्टा दिसत नाही, त्वचा तेलकट व जाड होते, कानाच्या पाळ्यांवर गाठी येतात, भुवया झडतात. या दोन टोकांमध्ये अनेक पायऱ्या आहेत. रिडले व जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये त्यांचे वर्गीकरण केले. सर्व शरीरे व्याधिक्षमत्वाने समान नसतात, हे चरकाचार्यांचे प्रतिपादन समजून घेण्यास याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. मज्जातंतूंची हानी पुष्कळ अंशी शरीराच्या प्रतिकारातूनच होते. जंतू मज्जातंतूंत दडलेला असतो आणि त्याच्यावरील हल्ल्यात मज्जातंतूच होरपळतो. म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढविणारे' रसायन दिले की काम झाले, हा विचार या व्याधीत पुरेसा नाही.

स्पर्शपरीक्षा कशी करावी

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी स्पर्शनाला येथे दुहेरी अर्थ आहे : वैद्याचा स्पर्श आणि रुग्णाला होणारे स्पर्शज्ञान. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. कापसाची पिळलेली वात किंवा बॉलपेनचे टोक पुरते. प्रथम रुग्णाच्या उघड्या डोळ्यांसमोर निरोगी त्वचेवर हलका स्पर्श करून त्याला काय करायचे ते समजावावे. मग डोळे मिटावयास सांगावे. जेथे स्पर्श जाणवेल तेथे त्याने स्वतःचे बोट ठेवावे. कधी निरोगी त्वचेवर, कधी चट्ट्यावर, क्रम न ठरविता स्पर्श करावा. 'कळते का?' असे विचारू नये. रुग्ण भिडेपोटी 'हो' म्हणतो. चट्ट्यावर स्पर्श कळला नाही अथवा बोट वारंवार चुकले, तर संशय दृढ होतो. सोबत चट्ट्यावरील लव झडली आहे काय, घाम येतो काय, हेही पाहावे. लावणीच्या दिवसांत अंग घामाने भिजलेले असताना चट्टा मात्र कोरडा राहतो, असे शेतकरी रुग्ण स्वतः सांगतो; कोणीतरी विचारले पाहिजे.

यानंतर मज्जातंतू चाचपावेत. कोपराच्या आतील बाजूस मागे, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूस, घोट्याच्या आतील बाजूस मागे आणि मानेच्या बाजूस ते हाताला लागतात. दोन्ही बाजूंची तुलना करावी. एका बाजूची नस दोरीसारखी जाड लागली अथवा दाबल्यावर दुखली, तर ती नोंद चट्ट्याइतकीच मोलाची. करंगळी व अनामिका वाकणे, डोळा पूर्ण न मिटणे, पायातून चप्पल निसटली तरी न कळणे ही पुढील अवस्थेची लक्षणे होत.

सापेक्ष निदान

श्वित्रात त्वचा खडूसारखी पूर्ण पांढरी होते, केसही पांढरे होऊ शकतात, परंतु स्पर्शज्ञान शाबूत असते. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, शुभ्र कधीच नसतो. शिब्यांत बारीक कोंडा सुटतो, नायट्यात व गजकर्णात तीव्र कंडू असतो. दोहोंत संवेदना टिकून असते. मुलांच्या गालांवरील फिकट डाग 'जंतांचे' म्हणून सोडून दिले जातात. चेहऱ्यावर संवेदना तपासणे कठीण असल्याने अशा मुलांचे सर्वांग पाहावे आणि घरात पूर्वी कोणास हा रोग झाला होता काय, याची विचारपूस करावी.

निदान चुकले की उपचारही अपाय करतो. फिकट चट्ट्याला श्वित्र समजून बावचीचे तेल लावून उन्हात बसविले, किंवा गावठी उपाय म्हणून बिब्बा घातला, तर बधिर त्वचेवर फोड येतात आणि रुग्णाला ते कळतही नाहीत. बधिर हातापायांवर नाडीस्वेद, पिंडस्वेद वा अग्निकर्म करणे याच कारणास्तव निषिद्ध मानावे. संवेदना तपासल्याशिवाय स्वेदन नाही, हा नियम प्रत्येक पंचकर्म कक्षात पाळला जावा.

प्रतिक्रिया : तातडीची अवस्था

या व्याधीत प्रतिकारशक्तीचे अकस्मात उद्रेक होतात. त्यांना प्रतिक्रिया म्हणतात. त्या उपचारापूर्वी, उपचार चालू असताना किंवा संपल्यानंतरही येऊ शकतात. पहिल्या प्रकारात जुने चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखू लागते, हातापायांतील बळ उतरते. दुसऱ्या प्रकारात ज्वर, सांधेदुखी व त्वचेवर लाल दुखऱ्या गाठी येतात. कधी डोळाही लाल होऊन दुखतो. पहिला प्रकार वातव्याधी वा विसर्प समजला जातो, दुसरा आमवात वा वातरक्त. वैद्याने येथे काही दिवस गुग्गुळकल्प देऊन वाट पाहिली, तर मज्जातंतू कायमचा निकामी होऊ शकतो. बळ वा संवेदना कमी होऊन सहा महिने झालेले नसतील, तर योग्य मात्रेत प्रेडनिसोलोन दिल्यास ती पुष्कळदा परत येते. विलंब झाल्यास ती आशा मावळत जाते. म्हणून दुखरी नस व नव्याने आलेली दुर्बलता दिसताच रुग्णास त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात पाठवावे. 'गोळ्या गरम पडल्या' असे समजून रुग्ण मूळ औषध थांबवितो, तेही होऊ देऊ नये. प्रतिक्रियेतही जंतुनाशक गोळ्या चालूच ठेवावयाच्या असतात.

चिकित्सा आणि तिची मर्यादा

सुश्रुताचार्यांनी पश्चिम समुद्राच्या भूमीत वाढणाऱ्या तुवरक वृक्षाचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. हा आपल्याच सह्याद्रीतील कडू कवठ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत त्याच्या कुळातील चौलमुगरा तेल हेच जगभर या रोगावरील प्रमुख औषध होते. परंतु त्याचा गुण अनिश्चित होता. १९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे सल्फोन गटातील औषधांचा उपयोग सुरू झाला आणि पुढे डॅप्सोन आले. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन यांचा हा उपचार पाचपर्यंत चट्टे असणाऱ्यांस सहा महिने व अधिक चट्टे असणाऱ्यांस बारा महिने देतात. तो शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतो. तुवरकाचा अभिमान बाळगूनही आम्ही स्पष्ट म्हणतो, की आज हा उपचार टाळून केवळ तुवरक, आरोग्यवर्धिनी वा खदिरारिष्ट यांवर रुग्णास ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग वैद्याचे कार्य कोणते? पहिले, लवकर ओळखणे. दुसरे, रुग्ण औषध सोडणार नाही हे पाहणे. रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते, क्लोफाझिमिनने त्वचा काळवंडते. हे आधी सांगितले म्हणजे रुग्ण घाबरत नाही. डॅप्सोनने पांडुता येऊ शकते, अंगावर पुरळ व कावीळ दिसल्यास तत्काळ शासकीय डॉक्टरांकडे पाठवावे. यकृतावर ताण आणणारे कल्प या काळात टाळावेत. तिसरे, बधिर हातापायांची निगा. रोज तळपाय तपासणे, वीस मिनिटे साध्या पाण्यात पाय बुडवून ओलसर त्वचेवरच तेल लावणे, घट्टे घासून काढणे, मऊ तळाचे पादत्राण वापरणे. अभ्यंगाची परंपरा असलेल्या आपल्या शास्त्राला हे काम परके नाही. बधिर पायाने खडकाळ किनाऱ्यावर अनवाणी चालणारा मच्छीमार, भट्टीजवळ हात भाजूनही न कळणारा कारखान्यातील कामगार आणि चुलीवरचे भांडे फडक्याविना उतरवणारी गृहिणी यांना हे शिकविणारा जवळचा माणूस वैद्यच असतो. चौथे, घरातील इतरांची तपासणी. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात निकट सहवासितांना रिफाम्पिसिनची एक प्रतिबंधक मात्रा देण्याची सोय झाली आहे.

उपसंहार

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णप्रमाण दहा हजारांमागे एकापेक्षा खाली आले. त्यानंतर अनेकांचा समज झाला की कुष्ठरोग संपला. वस्तुस्थिती तशी नाही. २०२३ साली जगात नोंदलेल्या सुमारे १ लाख ८३ हजार नव्या रुग्णांपैकी १ लाखांहून अधिक आपल्या देशातील होते. समाजाची दृष्टी मात्र हळूहळू बदलत आहे. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूर येथे व १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्यास आरंभिलेल्या कार्याचा त्यात मोठा वाटा आहे. १८९८ चा कुष्ठरोगी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळले गेले. तरीही 'महारोग' हा शब्द कानी पडताच रुग्ण चट्टा झाकू लागतो. उपचार सुरू होताच संसर्गाची शक्ती झपाट्याने नाहीशी होते, भांडी वा बिछाना वेगळा करण्याचे कारण नाही, हे त्याला व त्याच्या घरच्यांना धीर देऊन सांगावे.

वैद्यबंधू-भगिनींनो, आपल्या चिकित्सालयातील मेजावर नाडीपरीक्षेच्या उशीशेजारी कापसाची एक वात ठेवावी, एवढीच विनंती. न खाजणारा चट्टा दिसला, की रुग्णास डोळे मिटावयास सांगावे. या परीक्षेला दोन मिनिटे लागतात. ती वेळेवर झाली, तर एक हात आयुष्यभर काम करीत राहतो.